पायाळूचा पाय

आप्पा कडब्याच्या गंजीवरनं पडले तेव्हा मी ओसरीवर बसून आजीकडनं पायांना तेल लावून घेत होते. उन्हाळ्याची भर दुपार होती. गोठ्यामागं काहीतरी दाणकन आपटलं आणि पाठोपाठ माझ्या बहिणीची, नकुसाची हाक आली, "आई, आप्पा पडलं!" आजी धडपडत उठली. तेलाची वाटी कलंडली, पदर सुटला, पण एवढ्या गडबडीतही माझी टाच तिनं आपटू दिली नाही. हळूच पाटावर ठेवली आणि मगच ती लेकाकडं पळाली.

हसू येईल तुम्हाला, पण त्या घरात माझे पाय म्हणजे सगळ्यात मोलाची चीज होती. मी पायाळू. जन्मताना डोकं आधी न येता ज्याचे पाय आधी येतात, ते मूल पायाळू. आमच्या माणदेशात अशा माणसाच्या पायात गुण असतो, असं मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, कुणाची कंबर धरली, की ते माणूस पायाळूच्या दारात येतं आणि पालथं पडतं. पायाळूनं त्याच्या पाठीवरनं पाय फिरवायचा आणि शेवटाला एक हलकी लाथ घालायची. झालं औषध. लाथ खायला लोक नारळ घेऊन यायचे. मिशीला पीळ भरणारे बाप्ये माझ्यासारख्या शेंबड्या पोरीपुढं आडवे व्हायचे आणि म्हणायचे, मार बाय, अजून जरा खाली मार. मी काय, तोऱ्यातच असायची. पाटलाच्या पाठीवर लाथ घातलेली पोर वर्गात मास्तरांना तरी कशाला भिईल?

या गुणाला एक काळी बाजू होती. पायाळूवर वीज पडते म्हणतात. त्यामुळं आभाळ भरून आलं की आजी मला माजघरात कोंडायची, अंगावर वाकळ टाकायची आणि स्वतः उशाशी बसून राहायची. आई मात्र आत थांबायची नाही. ती दारात उभी राहून भिजायची. वीज कडाडली की कपाळाला हात लावून देवाचं नाव घ्यायची. माझ्यावरची वीज अडवायला आई दारात उभी राहिलीय, असं मला वाकळंत पडल्या पडल्या वाटायचं आणि तिच्या मायेनं भरून यायचं.

आम्ही चौघी बहिणी. थोरल्या दोघी लवकर लग्न होऊन गेल्या. तिसरी नकुसा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. ती झाली तेव्हा आजी म्हणाली, पोरी बास झाल्या, हिचं नाव नकुसा ठेवा, म्हणजे देवाला तरी कळंल. आमच्या भागात तेव्हा अशा नकुसा बऱ्याच होत्या. वर्गात हजेरीला दोन-तीन तरी 'हजर' म्हणायच्या आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. देवाला काही कळलं नाही आणि तिच्या पाठीवर मी झाले. पण मी पडले पायाळू. माझं बारसं थाटात झालं, नाव ठेवलं रत्नमाला. माझ्यानंतर भाऊ झाला, तेव्हा तर आजीनं गावभर सांगितलं की पोरीच्या पायगुणानं वंशाला दिवा आला.

नकुसाची शाळा चौथीतच सुटली. शेण काढणं, पाणी भरणं, शेरडं राखणं हे तिचं. तिच्या टाचा फुटलेल्या, त्यात माती भरलेली. माळावर बाभळीचे काटे फार. माझ्या पायात काटा मोडला तर आजी तिलाच झोडपायची, म्हणून माळ ओलांडताना ती मला पाठुंगळी घ्यायची. काटे तिच्या पायात मोडायचे आणि मी वरनं म्हणायची, नीट चाल की गं, हिसके बसतात. ती नुसती हसायची. एकदा मी तिला विचारलं, तुला माझा राग येत नाही का? ती म्हणाली, "तुझं वजन कुठं हाय एवढं?"

तर त्या दुपारी चौघांनी घोंगड्यात घालून आप्पांना ओसरीवर आणलं आणि पालथं ठेवलं. गंजीच्या शेंड्यावरनं त्यांचा पाय घसरला होता आणि पाठ खालच्या, जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर आपटली होती. आप्पा बोलायला कमी माणूस. विंचू चावला तरी 'हं' म्हणून गप बसणारा. ते घोंगड्यावर गाल टेकून पडले होते, कपाळावर घामाचे थेंब होते. त्यांनी विचारलं, "माझं पाय हायेत का जाग्यावर?"

कुणीतरी म्हणालं, आहेत की. पण मी बघितलं, त्यांचे पाय जसे ठेवले होते तसेच पडले होते, बोटसुद्धा हलत नव्हतं.

दारात माणसं जमली. डेअरीचा टेंपो वडापाशी उभा आहे, त्यात घालून तालुक्याला न्यावं, असं एक-दोघं म्हणाले. आजीनं त्यांना उभंच राहू दिलं नाही. घरात पायाळू असताना दवाखाना गाठला तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणाली. साऱ्या गावाच्या पाठी माझ्या नातीनं सरळ केल्या आणि माझ्या लेकाला ती अशीच सोडंल होय? तिनं पाणी मागवलं, हळदीकुंकू मागवलं आणि मला हाक मारली, "रत्ने, ये बाय. बापाला उठीव."

माणसं बाजूला झाली. मला वाट मिळाली. एरवी अशी वाट मिळाली की माझी मान आपोआप ताठ व्हायची. त्या दिवशी ती झाली नाही. माझ्याकडं येणारी माणसं वाकडी का होईना, आपल्या पायांनी यायची. हे माणूस उचलून आणलेलं होतं. आणि ते माझे आप्पा होते. तरी मी पुढं सरले. मला दुसरं काही येतच नव्हतं. आजीनं माझ्या पायांवर पाणी ओतलं, अंगठ्यांना हळद लावली.

तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. आजीला म्हणाली, पोरीला जरा देवापुढं नेऊन आणते. आणि देवघराकडं न वळता मला ओढत थेट गोठ्यात नेलं. तिथं नकुसा गव्हाणीला टेकून उभी होती. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, डोळे लाल. आईनं गोठ्याचं दार लोटलं.

"पायाळू तू न्हाईस, रत्ने," ती म्हणाली. "ही हाय."

मला काही कळेना. मी नकुसाकडं बघितलं, ती माझ्याकडं. आई भराभर बोलत होती, एक डोळा दाराकडं ठेवून. नकुसाच्या वेळेला पाय आधी आले. आई मरणाच्या दारात होती. तानूबाई सुईण बाहेर जाऊन पहिल्यांदा एवढंच बोलली की मुलगी झाली, आणि आजी उंबऱ्यातनंच माघारी फिरली. बाकीचं ऐकायला थांबली नाही. आई बोलण्याच्या शुद्धीत येईतो बारसं उरकून गेलं होतं. मागनं सांगितलं तर कुणी खरं धरलं नसतं. पोरीचे लाड व्हावेत म्हणून आईनं काढलेलं सोंग, असंच म्हणाले असते. दोन वर्षांनी मी झाले, चांगली डोक्याकडनं झाले. पण तानूबाई या खेपेला शहाणी झाली होती. तिनं बाहेर जाऊन आधी सांगितलं, पायाळू आहे. आजीनं हात जोडले. मग सांगितलं, मुलगी आहे.

"दोघींचं मिळून ठरल्यालं," आई म्हणाली. "एक तरी माणसात ऱ्हाईल म्हणून."

हळदीनं पिवळे झालेले माझे अंगठे मला एकदम परक्याचे वाटायला लागले. आई तेव्हा माझ्याकडं बघतच नव्हती. ती नकुसाच्या हातापाया पडत होती. आईचाही पायाळूच्या गुणावर आजीइतकाच विश्वास होता, हे तुम्ही ध्यानात घ्या. तिला दवाखाना सुचला नव्हता. खोट्या पायाळूचा पाय लागला तर नवरा कायमचा जायचा, आणि खरी पायाळू शेणात हात घालून उभी आहे, एवढंच तिला दिसत होतं. आजीला नीट दिसत नाही, तू रत्नाचा परकर घाल, तिची ओढणी घे डोक्यावरनं, पोर लाजतीया म्हणून मी माणसं भाईर काढते, तू तेवढा पाय लाव. असं म्हणत ती माझ्या परकराची नाडी सोडायला लागली. गाठ सुटता सुटेना.

नकुसा हलली नाही. मला वाटलं ती रडेल, नाहीतर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आईकडं वळली.

"आई, वीज कडाडायची तवा तू दारात हुबी ऱ्हायचीस. मी माळावर असायची. ते माझ्यासाठी?"

आईचे हात नाडीवरच थांबले. "दर पावसाळ्याला, बाय," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.

वाकळंत पडून ज्या मायेनं मी भरून पावायची ती सगळी माळावर जात होती. माझ्या हाताला त्यातलं काय लागलं होतं, कुणास ठाऊक. आणि खरं सांगू? बाहेर बाप कण्हत होता आणि त्या घडीला मला घोर माझाच लागला होता. आता नकुसा बाहेर जाणार, सांगणार, आणि मी नुसती चौथी पोरगी होणार. माझं नाव, माझं तेल, माझी शाळा, सगळं तिचं होतं आणि तिनं ते मागितलं तर नाही म्हणायला कुणाला तोंड नव्हतं.

नकुसानं गोठ्यातल्या बादलीत हात धुतले. सावकाश, कोपरापर्यंत धुतले, परकराला पुसले. आईनं पुढं केलेल्या माझ्या ओढणीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. आपल्याच मळक्या कपड्यांत तिनं गोठ्याचं दार उघडलं आणि ओसरीवर गेली. मी मागोमाग गेले.

आजी म्हणाली, रत्ना कुठाय? उशीर कशाला लावलाय?

नकुसा आप्पांच्या उशाशी उभी राहिली. तिच्याकडं कधी कुणी बघत नसे, पण तिथं मधोमध उभी राहिल्यावर सगळ्यांना बघावंच लागलं.

"रत्नाला पाय लावू देऊ नगा," ती म्हणाली. "पायाळूचा पाय सख्ख्या बापाला चालत न्हाई. लावला तर बाप उठत न्हाई."

आजी चिडून म्हणाली, तुला गं कुणी सांगितली ही अक्कल? जा, शेण काढ जा.

"तानूबाईनं. ती जायच्या आधी मी तिच्या उशाला बसल्याली. म्हणली, माझ्या मागं कुणी चुकू नगा, ध्येनात ठिव."

तानूबाई वर्षापूर्वीच गेली होती. मरायच्या आधी नकुसा तिला पाणी द्यायला जायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग कडेला बसलेले दगडू आबा मान हलवत म्हणाले, बरोबर आहे, हे असं मीपण ऐकलंय कुठंतरी. आमच्या गावात काहीही बोललं तरी ते आधीच ऐकलेला एक म्हातारा असतोच. त्या दिवशी त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले मला.

गोठ्याच्या दारातनं आई म्हणाली, "खरं हाय, आत्याबाई. मलाबी बोलल्याली ती."

आईचा आवाज फुटका येत होता. पण घरचा माणूस पडल्यावर बाईचा आवाज फुटकाच येतो, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही. आजी मटकन खाली बसली. आपण काय करायला निघालो होतो, याच्या भीतीनं ती पांढरीफटक पडली होती. तिनं वर बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा नकुसाला काही विचारलं, "मग आता काय करू गं?"

"बाज आणा," नकुसा म्हणाली. "आप्पाला वाकवू नगा, बसवू नगा. घोंगड्यासकट सरकवा बाजेवर आन बाज टेंपोत ठिवा."

आप्पा घोंगड्यात तोंड खुपसून एवढंच म्हणाले, "पोरगी म्हणतीया तसं करा."

तसंच केलं. टेंपोतल्या दुधाच्या किटल्या खाली काढल्या आणि बाज वर चढवली. एका बाजूनं आई बसली, दुसऱ्या बाजूनं नकुसा, बाज हलू नये म्हणून पाय रेटून. मी आणि आजी दारात राहिलो. माझ्या अंगठ्यांवर हळद तशीच होती. मी विहिरीवर जाऊन ती घासून काढली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मणका मोडला होता. इथवर आणताना धक्का बसला नाही म्हणून निभावलं, एखादा ठोसा बसला असता तर उरलेला जन्म अंथरुणात गेला असता, असं तिथले डॉक्टर आईला म्हणाले. आप्पा बरेच महिने पडून राहिले, मग काठी घेऊन चालायला लागले. शेवटपर्यंत काठी सुटली नाही, पण चालत राहिले. आजीनं या सगळ्याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. पायाळूचा पाय बापाला चालत नाही, आमच्या घरात वेळेवर ध्यानात आलं म्हणून लेक वाचला, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तो नियम पुढं पंचक्रोशीत पसरला. मागं एका लग्नात एक शिकलेली बाई मला हा नियम समजावून सांगत होती. फार जुना आहे म्हणाली. मी हो म्हणाले.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आप्पा दवाखान्यात असतानाच नकुसा एके दिवशी घरी आली, कारण शेरडांना बघायला कुणी नव्हतं. मी तिच्यामागं माळावर गेले. पहिल्यांदाच माझ्या पायांनी गेले. दोन काटे मोडले, मी तोंड उघडलं नाही. ती बाभळीखाली बसली होती. मी शेजारी बसले आणि कितीतरी दिवस विचारायचं राहिलेलं विचारलं. पायाळू तूच आहेस, आईनं सांगितलं होतं, मग तू पाय का लावला नाहीस?

"आप्पाची पाठ बघितलीस का तू?" ती म्हणाली. "हात लावायचं भ्या वाटत हुतं. पाय कुठला लावू?"

"पण तुझ्या पायात गुण हाय."

"असंल. माझीच पाठ रोज दुखती. माझा पाय काय तिथवर पोचत न्हाई."

ती हसली. मला हसता येईना. मला रडू यायला लागलं. मी म्हणाले, तानूबाईनं तुला तसलं काही सांगितलं नव्हतं ना? तिनं मान हलवली, नाही. मग मी ठरवलेलं बोलून टाकलं. रात्रीपासून मनात जुळवत होते ते. आज घरी गेल्यावर आजीला सगळं खरं सांगते म्हणाले. तेल तुझ्या पायाला लागलं पाहिजे, पावसात तुला घरात ठेवलं पाहिजे. लोकांना कळू दे पायाळू कोण आहे ते. जे तुझं आहे ते तुला मिळू दे. मी हे बोलत होते ते खरं मनापासून बोलत होते, आणि तिनं नको म्हणावं असं वाटत होतं तेही खरं होतं.

नकुसा काडीनं जमिनीवर रेघा ओढत ऐकत राहिली. मग काडी टाकून तिनं माझ्याकडं बघितलं. तिला राग आला नव्हता की वाईट वाटलं नव्हतं. नेहमी शेरडांची मोजणी करताना बघायची तशी बघत होती, सगळी आहेत ना, एक कमी नाही ना.

"आन मग तुला काय म्हणतील?"

मी ओढणीनं नाक पुसत बसले.

"घरात एक नकुसा बास झाली, रत्ने," ती म्हणाली. तिनं माझा पाय मांडीवर ओढून घेतला, टाचेतला काटा दातानं धरून काढला, थुंकून टाकला आणि उठून शेरडांमागं गेली.